फेनिटोइन लिहिण्याआधी : रात्रपाळीच्या डॉक्टरांना खुले पत्र

प्रति,
ग्रामीण, उपजिल्हा आणि जिल्हा रुग्णालयांच्या अपघात विभागात रात्रपाळी करणारे सर्व डॉक्टर,
महाराष्ट्र राज्य

विषय : एचआयव्ही असलेल्या माणसाला आलेली फिट आणि घरी जाताना त्याच्या हातात पडणाऱ्या गोळ्या

सर, मॅडम,

स. न. वि. वि.

मी औषधनिर्माता. नोकरीची शेवटची वर्षं एका एआरटी सेंटरच्या, म्हणजे एचआयव्हीची औषधं देणाऱ्या केंद्राच्या, खिडकीमागे काढली. आता निवृत्त आहे, म्हणून हे पत्र वरिष्ठांची परवानगी न घेता लिहिता येतं. 'फार्मासिस्ट आता डॉक्टरांना शिकवायला निघाला' असं तुमच्यातल्या काहींना वाटेल, आणि त्यांचं फारसं चुकणार नाही. पण एक सांगतो. रुग्णाच्या पिशवीत काय काय आहे ते त्याच्या कुठल्याही डॉक्टरपेक्षा फार्मासिस्टला जास्त दिसतं. उरलेल्या गोळ्या मोजायच्या म्हणून आम्ही पिशवी उघडायला लावतो. टीएलडीची, म्हणजे एचआयव्हीच्या रोजच्या गोळीची, डबी निघते. बहुतेकांनी तिचं लेबल खरवडून काढलेलं असतं, किंवा गोळ्या फरसाणाच्या प्लास्टिकच्या डबीत ओतलेल्या असतात. डबीखाली पित्ताच्या गोळ्या, कॅल्शियम, गावातल्या डॉक्टरनं दिलेलं टॉनिक. आणि अधूनमधून फेनिटोइन १०० ची, म्हणजे फिटच्या गोळ्यांची, पाकिटं. ही कशाला, असं विचारलं की माणूस आवाज खाली आणतो : "मध्ये फिट आली होती. तालुक्याला नेलं होतं. तिथं दिल्या."

फिट आल्याला तोवर दोन-तीन महिने झालेले असतात. एचआयव्ही आहे हे तालुक्याच्या डॉक्टरला सांगितलेलं नसतं आणि फिट आली हे एआरटी सेंटरला सांगितलेलं नसतं. दोन्हीकडून गोळ्या मात्र चालू असतात. मला जे म्हणायचं आहे ते या दोन खिडक्यांच्या मधल्या जागेबद्दल आहे.

आधी एक गोष्ट साफ करून टाकतो. फिट चालू असताना यातलं काहीही आठवायची गरज नाही. रात्री दोन वाजता जीपमधून उतरवलेला माणूस आकडी येऊन ताठ झाला असेल तर साखर बघा, श्वास सांभाळा, लोराझेपाम किंवा मिडाझोलाम द्या. त्यानं भागलं नाही आणि कपाटात फक्त फेनिटोइनची इंजेक्शनं असतील तर तीच द्या. तिथं एचआयव्हीच्या गोळ्यांचा विचार करायचा नसतो. एका रात्रीच्या डोसनं काही बिघडत नाही. मात्र कपाटात लेव्हेटिरासिटाम असेल तर हात तिकडे जाऊ द्या. लोराझेपाम-मिडाझोलामच्या गटातल्या (बेन्झोडायझेपिन) औषधानंतरही न थांबणाऱ्या फिटसाठी लेव्हेटिरासिटाम, फॉसफेनिटोइन आणि व्हॅल्प्रोएट या तिघांची तुलना करणारी अमेरिकेतली मोठी चाचणी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. तिघांनीही जवळपास निम्म्या रुग्णांची फिट थांबवली, कुणी पुढे नाही, कुणी मागे नाही. म्हणजे फेनिटोइन जास्त भरवशाचं म्हणून तेच द्यायचं, हे कारण आता उरलेलं नाही.

खरी अडचण सकाळी सुरू होते. माणूस शुद्धीवर आलेला असतो, नातेवाइकांना घरी जायची घाई असते, तुमची ड्यूटी संपत आलेली असते, आणि कागदावर लिहिलं जातं : फेनिटोइन १००, दिवसातून तीनदा, एक महिना, पुढे चालू. ती पाकिटं स्वस्त आहेत आणि कुठेही मिळतात. शिवाय फिटची गोळी अचानक थांबवायची नसते, एवढं गावोगावी माहीत झालं आहे. त्यामुळे 'पुढे चालू' खरंच वर्षभर पुढे चालतं.

टीएलडीच्या एका गोळीत तीन औषधं असतात : टेनोफोविर, लॅमिव्युडिन आणि डोल्युटेग्राविर. खरा भार डोल्युटेग्राविरवर, ५० मिलिग्रॅम, दिवसातून एकदा. यकृतातली जी विकरं (एन्झाइम) त्याचा निचरा करतात, त्यांनाच फेनिटोइन, कार्बामाझेपिन आणि फेनोबार्बिटोन ही फिटची औषधं जोर देतात. निचरा वाढला की रक्तातलं डोल्युटेग्राविर घटतं. कार्बामाझेपिनबरोबर ते मोजून पाहिलेलं आहे : दिवसभराचा एकूण साठा साधारण निम्म्यावर येतो, आणि पुढच्या डोसच्या आधी रक्तात जे उरायला हवं ते जवळपास पाऊणपट घटलेलं असतं. म्हणजे रुग्ण नेमानं, रात्री नऊचा गजर लावून गोळी घेतोय, माझ्या मोजणीत एक गोळी कमी-जास्त निघत नाही, आणि तरीही त्याला अर्धवट उपचार मिळतोय. विषाणूला डोकं वर काढायला आणि औषधाला सरावायला एवढी फट पुरते.

हे नवीन ज्ञान नाही. अमेरिकेची न्यूरॉलॉजी अकादमी आणि अपस्माराची आंतरराष्ट्रीय संघटना यांनी मिळून २०१२ मध्येच सांगितलं होतं की एचआयव्हीची औषधं चालू असलेल्यांना विकरं वाढवणारी फिटची औषधं शक्यतो देऊ नयेत. तेव्हा प्रश्न इफाविरेंझ आणि लोपिनाविरचा होता, आज डोल्युटेग्राविरचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात डोल्युटेग्राविरपुढे फेनिटोइन, कार्बामाझेपिन आणि फेनोबार्बिटोन या तिन्ही गोळ्यांची नावं आहेत आणि पर्यायी औषध वापरा असा शेरा आहे.

मला सगळ्यात चुटपुट लागते ती वेगळ्याच गोष्टीची. याच प्रकारचा प्रश्न आपण टीबीच्या बाबतीत सोडवलेला आहे. टीबीचं रिफाम्पिसिनही डोल्युटेग्राविर असंच खाली आणतं. म्हणून टीबीचे उपचार सुरू झाले की आम्ही टीएलडीशिवाय डोल्युटेग्राविर ५० ची एक जादा गोळी देतो, बारा तासांच्या अंतरानं. टीबीचा कोर्स संपला तरी ती आणखी दोन आठवडे चालू ठेवतो, कारण यकृत लगेच पूर्वपदावर येत नाही. हे सेंटरवरच्या शिपायालाही पाठ आहे. रुग्णसुद्धा "टीबीवाली जादा गोळी द्या" म्हणून मागून घेतात. ती डबी त्याच फळीवर असते. कार्बामाझेपिन चालू असलेल्या माणसालाही तीच जादा गोळी द्यायची असते, म्हणजे डोल्युटेग्राविर दिवसातून दोनदा होतं. पण फिटसाठी ती फळीवरून खाली येत नाही, कारण टीबीबद्दल प्रत्येक भेटीत विचारलं जातं आणि फिटबद्दल कुणी विचारत नाही.

फेनिटोइन आणि फेनोबार्बिटोनच्या बाबतीत मात्र जादा गोळीवर विसंबू नका, औषधच बदला असा सल्ला जास्त दिला जातो. लेव्हेटिरासिटाम यकृताच्या वाटेला फारसं जात नाही, मूत्रपिंडातून बाहेर पडतं, टीएलडीशी त्याचं भांडण नाही. क्रिॲटिनिन (मूत्रपिंडाच्या कामाची रक्ततपासणी) तेवढं बघून डोस ठरवावा लागतो, आणि टेनोफोविर घेणाऱ्याचं ते तसंही बघायचंच असतं. काहींची चिडचिड वाढते, घरच्यांना आधी सांगून ठेवलं की निभावतं. व्हॅल्प्रोएटही चालतं, पण मूल होण्याच्या वयातल्या बाईला ते सहजासहजी लिहू नये, आणि झिडोव्युडिन हे एचआयव्हीचं औषध घेणाऱ्याला दिलं तर झिडोव्युडिनचं प्रमाण वाढून रक्त कमी व्हायचा धोका असतो. आधीपासून चालू असलेलं फेनिटोइन एका झटक्यात बंद करू नका, हे तुम्हाला मी सांगायला नको. मी नातेवाइकांनाच जास्त बजावायचो, कारण 'वांझोटी गोळी आहे म्हणे' असं ऐकून पाकिटं उकिरड्यावर टाकणारे लोक मी पाहिले आहेत.

हे झालं गोळ्यांचं. त्यावर मी बोलू शकतो, माझा धंदाच तो होता. पुढचं लिहिताना जरा दबकून लिहितो, पण लिहितो.

एचआयव्ही असलेल्या प्रौढ माणसाला आयुष्यात पहिल्यांदा फिट आली, तर ती मिरगी आहे असं धरून चालू नये. बंगळुरूच्या निमहान्समधल्या डॉक्टरांनी २००८ मध्ये आपल्या अनुभवावरून या विषयावर सविस्तर लिहिलं आहे. त्यात आणि त्यानंतरच्या सगळ्या लिखाणात कारणांची यादी फार बदलत नाही : मेंदूची टीबी, टॉक्सोप्लाझ्मा (एक परजीवी), क्रिप्टोकॉकस या बुरशीचा मेंदूज्वर, पीएमएल (विषाणूमुळे मेंदूचा पांढरा भाग झिजणं), लिम्फोमा (एक कर्करोग), सिफिलिस, कधी खुद्द विषाणूनं मेंदूला केलेली इजा, आणि कधी नुसतं सोडियम किंवा साखर खाली जाणं. यातली पहिली तीन कारणं वेळेत सापडली तर त्यांच्यावर उपचार आहेत. फेनिटोइननं फिट थांबली आणि माणूस घरी गेला, की ती तिन्ही आत निवांत वाढत राहतात.

आपल्याकडे यात एक खास देशी घोटाळा आहे. सीटी स्कॅनमध्ये कड चमकणारी एक गोल गाठ दिसली की महाराष्ट्रातल्या डॉक्टरच्या मनात दोन नावं येतात : डोक्यातली कृमी, म्हणजे न्यूरोसिस्टिसर्कोसिस, नाहीतर ट्यूबरक्युलोमा, म्हणजे टीबीची गाठ. आणि ते बरोबरच आहे. एचआयव्ही नसलेल्या माणसात बहुतेक वेळा तसंच निघतं. मग अल्बेंडाझोल हे कृमींचं औषध, स्टेरॉइड, फिटची गोळी आणि 'तीन महिन्यांनी पुन्हा स्कॅन'. पण सीडी फोर (प्रतिकारशक्तीच्या पेशींचा आकडा) शंभराच्या खाली गेलेल्या माणसात तसलीच गाठ टॉक्सोप्लाझ्माची असू शकते. अल्बेंडाझोलनं तिला काही होत नाही. गाठ लिम्फोमाची असली तर स्टेरॉइडनं ती काही दिवस आक्रसते आणि सगळ्यांना वाटतं, चला, लागू पडलं. टॉक्सोप्लाझ्मावर औषध काय, तर कोट्रायमॉक्साझोल, ठरलेल्या मोठ्या डोसमध्ये. तीच गोळी, जी सीडी फोर साडेतीनशेच्या खाली असताना आम्ही रोज एक याप्रमाणे वाटतो. औषध बरोबर असेल तर दहा-पंधरा दिवसांत माणूस सुधारायला लागतो, आणि सुधारला नाही तर दुसरं काहीतरी शोधायला हवं, हे त्यावरून कळतं. खर्च किरकोळ. पण एचआयव्ही माहीत असल्याशिवाय ही दिशाच सुचत नाही.

क्रिप्टोकॉकसचं तर याहून वाईट. तिथं सीटी बऱ्याचदा साफ असतो. मान ताठ असेलच असंही नाही. माणूस दोन-तीन आठवडे डोकं धरून बसलेला असतो, उलट्या होतात, नजर अंधुक होते, एकाचे दोन दिसतात. गावात पित्त म्हणून औषध झालेलं असतं, मग चष्म्याचा नंबर काढून झालेला असतो, मग एक दिवस फिट येते. अशा माणसाची सीटी नॉर्मल आहे म्हणून त्याला घरी पाठवणं म्हणजे काय करणं, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं कळतं. रक्ताच्या थेंबावर क्रिप्टोकॉकल अँटिजेनची पट्टी काही मिनिटांत उत्तर देते. पाठीतलं पाणी काढलं तर निदान होतंच, शिवाय दाब मोजता येतो. वाढलेला दाब पाणी काढून उतरवणं हा इथं उपचाराचाच भाग आहे, आणि तो रोज किंवा दिवसाआड करावा लागू शकतो. 'पाठीतलं पाणी काढलं की माणूस लुळा पडतो' ही समजूत इतकी पक्की आहे की नातेवाईक सही न करता रुग्ण उचलून नेतात. त्यांच्याशी बोलायला दहा मिनिटं लागतात. ती दहा मिनिटं रात्री तुमच्याकडे नसतात, मान्य. सकाळी समुपदेशकाला बोलावून घ्या. जिल्हा आणि उपजिल्हा रुग्णालयांत आयसीटीसी, म्हणजे एचआयव्ही समुपदेशन आणि तपासणी केंद्र, असतं, तिथला समुपदेशक हे काम तुमच्या-माझ्याहून बरं करतो.

क्रिप्टोकॉकसच्या उपचारात गेल्या काही वर्षांत मोठा फरक पडला आहे. आफ्रिकेतल्या पाच देशांत झालेली अँबिशन चाचणी २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली. लायपोसोमल अँफोटेरिसिन या बुरशीवरच्या औषधाचा एकच मोठा डोस, वजनाच्या किलोमागे १० मिलिग्रॅम, सोबत दोन आठवडे फ्लुसायटोसिन आणि फ्लुकोनाझोल, एवढ्यावर पूर्वीच्या आठवडाभराच्या अँफोटेरिसिनइतकाच गुण आला आणि त्रास कमी झाला. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेनं हीच पद्धत पहिल्या पसंतीची ठरवली. युगांडा, मलावी, झिंबाब्वेत जे जमलं ते आपल्याला जमू नये असं काही नाही.

आणि एक गोष्ट, जी चांगल्या हेतूनं बिघडते. गोळ्या सोडलेला रुग्ण वॉर्डात दाखल झाला की जो येईल तो त्याला रागावतो आणि 'आजपासून टीएलडी पुन्हा सुरू कर' म्हणतो. इतर वेळी हे बरोबर. क्रिप्टोकॉकसच्या मेंदूज्वरात मात्र घाईनं एआरटी सुरू केल्यानं मृत्यू वाढतात, हे युगांडा आणि दक्षिण आफ्रिकेतल्या अभ्यासानं २०१४ मध्येच दाखवलं. तिथं चार ते सहा आठवडे थांबतात. मेंदूच्या टीबीतही थांबतात. शरीराची सैन्यभरती एकदम झाली की मेंदूतच धुमश्चक्री होते. म्हणून फिट किंवा डोकेदुखी घेऊन आलेल्या माणसाला टीएलडी पुन्हा कधी द्यायची हे एआरटीच्या डॉक्टरला फोन करून ठरवा. रागावण्याचं काम नंतर केलं तरी चालतं, नाही केलं तर आणखी बरं.

गोळ्या सुटतात कशा, तेही माहीत असू द्या. बीडकडची बाई दिवाळीच्या सुमाराला कोयता घेऊन सांगली-कोल्हापूरच्या फडावर जाते आणि गुढीपाडव्याच्या आसपास परत येते. निघताना तिनं सांगितलं आणि ऐकणारा शहाणा असला, तर तिला तीन महिन्यांच्या गोळ्या मिळतात. टोळीच्या ट्रकमध्ये, मुकादमासमोर आणि जावेसमोर डबी काढायची कशी, या विचारानं कधी ती डबी घरीच राहते. दुसऱ्या जिल्ह्यातल्या सेंटरवर जाऊन गोळ्या घेता येतात, हे तिला ठाऊक नसतं, आणि ठाऊक असलं तरी एक दिवस गेला की मजुरी बुडते. जानेवारीत डोकं दुखायला लागतं. फेब्रुवारीत कोपीत, म्हणजे फडावरच्या झोपडीत, फिट येते. कुणी कांदा हुंगवतं, कुणी हातात लोखंड देतं, कुणी म्हणतं बाहेरचं आहे, देवऋष्याकडे न्या. मग कारखान्याच्या गावातला दवाखाना, आणि तिथून फेनिटोइन. तुमच्यापर्यंत ती पोचली तर नशीब. आणि पोचली तर तिला एवढंही कुणी सांगत नाही की काही महिने कोयता हातात घेऊ नको, विहिरीवर एकटी जाऊ नको, चुलीपुढे कुणाला तरी जवळ बसव. पण ती कोयता न घेता काय खाणार, याचं उत्तर माझ्याकडे नाही. संजय गांधी निराधार योजनेचे महिना दीड हजार रुपये एचआयव्ही असलेल्यांना मिळू शकतात. तो अर्ज भरून घेणारं कुणीतरी तिला भेटायला हवं.

आता तुम्ही म्हणाल, रुग्ण सांगतच नाही तर आम्हाला कळणार कसं?

बरोबर आहे. तो सांगत नाही, कारण कॉटभोवती सासू, दीर, सरपंचाचा पुतण्या आणि जीपवाला उभे असतात. 'काही आजार आहे का?' असं मोठ्यानं विचारलं तर 'नाही' हेच उत्तर येणार. फिट संपल्यावर तासभर तर माणूस धड भानावरच नसतो. नंतर विचारा, आणि नातेवाइकांना बाहेर चहाला पाठवून विचारा. 'रात्री झोपताना रोजची एखादी गोळी घेता का? कुठल्या सेंटरवरून आणता?' इतकंच. एचआयव्ही हा शब्दही उच्चारावा लागत नाही. सेंटर म्हटलं की ज्याला कळायचं त्याला कळतं. तोंडात पांढरा बुरा, अंगावर नागिणीचे जुने वण, पायांची आग, गालफडं बसलेली, हे दिसलं तर संमती घेऊन तपासणी करा. ती मोफत आहे.

आणि कळल्यावर केसपेपरवर लाल शाईनं मोठ्या अक्षरांत लिहू नका. एचआयव्ही आणि एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) कायदा २०१७ चा आहे, १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. संमतीशिवाय तपासणी नको, गुप्तता पाळायची, उपचारात भेदभाव करायचा नाही, हे त्यात आहे. संधिसाधू आजारांच्या, म्हणजे प्रतिकारशक्ती घटल्यावर गाठणाऱ्या आजारांच्या, उपचारांची सोय सरकारनं करायची, हेही आहे. वीस किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या आरोग्य संस्थेत तक्रार निवारण अधिकारी नेमायचा असतो. तुमच्या रुग्णालयात तो कोण आहे, एकदा विचारून बघा. उत्तर येईपर्यंत चहा गार होईल. कायद्याचा धाक घालायचा म्हणून मी हे लिहिलेलं नाही. रुग्णाला ज्या रुग्णालयाचा भरवसा वाटतो तिथं तो खरं सांगतो, आणि फिटच्या बाबतीत खरं कळण्यावर निदान अवलंबून आहे.

आणखी एक प्रकार तुमच्या ओपीडीत दिसेल. फेनिटोइन चालू आहे, आणि वर टीबीसाठी आयसोनियाझिड किंवा बुरशीसाठी फ्लुकोनाझोल सुरू झालं. ही दोन्ही औषधं फेनिटोइनचं रक्तातलं प्रमाण वाढवू शकतात. माणूस झोकांड्या द्यायला लागतो, बोलताना जीभ अडखळते, डोळे फडफडतात. गावात म्हणतात, आजार कळल्यापासून पितोय. वॉर्डात म्हणतात, मेंदूत पसरलंय. मेंदूत पसरल्याचं नातेवाइकांना सांगण्याआधी एकदा गोळ्यांची यादी बघा.

जुन्या रुग्णांबद्दल थोडक्यात. मोफत एआरटी १ एप्रिल २००४ ला सुरू झाली तेव्हाचे काही लोक आज साठीत आहेत. त्यांच्या पायांची आग बऱ्याचदा त्या काळच्या स्टॅव्युडिन या एचआयव्हीच्या औषधाची देणगी आहे. त्यांना पक्षाघात होऊ शकतो, साखर वाढू शकते, मिरगीसुद्धा असू शकते. एचआयव्ही आहे म्हणून सगळं त्याच्याच माथी मारायचं, हेही नको. आणि दुसऱ्या फळीच्या, म्हणजे पहिली औषधं लागू न पडल्यावर द्यायच्या, औषधांवर, विशेषतः अटाझानाविर-रिटोनाविरवर असलेल्या माणसाचा रक्तातला व्हायरल लोड, म्हणजे विषाणूंचा आकडा, साफ असूनही पाठीच्या पाण्यात विषाणू सापडतो, असे रुग्ण आपल्याच देशातल्या डॉक्टरांनी नोंदवले आहेत. व्हायरल लोड चांगला आहे, तेव्हा मेंदूचं कारण एचआयव्ही नाही, असं त्यामुळे एका दमात म्हणता येत नाही.

तुमच्या हातात नसलेल्या गोष्टीही आहेत, त्यांच्यासाठी हे पत्र वडाळ्याच्या राज्य एड्स नियंत्रण संस्थेच्या कार्यालयालाही पाठवतो आहे. महाराष्ट्रात एचआयव्हीसह जगणारे सुमारे चार लाख लोक आहेत, देशातल्या कुठल्याही राज्यापेक्षा जास्त. माझी मागणी जास्तीची इमारत किंवा नवीन योजना नाही. एआरटी सेंटरच्या खिडकीवर लेव्हेटिरासिटाम ठेवा, रुग्णाला त्यासाठी मेडिकलमध्ये पैसे मोजायला लावू नका. डोल्युटेग्राविरची जादा गोळी टीबीखेरीज कुणाला द्यायची ते एका पानाच्या पत्रकात लिहून प्रत्येक खिडकीवर चिकटवा. गोळ्या सोडून परत आलेल्या प्रत्येकाचा सीडी फोर करा. व्हायरल लोड आल्यापासून सीडी फोर मागे पडला आहे, पण परत आलेल्या माणसाच्या डोक्यात काय शिजत असेल याचा पहिला अंदाज त्याच आकड्यावरून येतो. तो दोनशेच्या खाली असेल तर क्रिप्टोकॉकसची पट्टी त्याच दिवशी, डोकेदुखीची वाट न बघता. आणि कुठल्या जिल्ह्यात ही पट्टी, पाठीच्या पाण्याची तपासणी आणि लायपोसोमल अँफोटेरिसिन कुठं मिळतं, त्याची यादी प्रत्येक अपघात विभागाच्या भिंतीवर लावा, फोन नंबरसकट. रुग्ण घेऊन जाणाऱ्या १०८ च्या माणसाला कुठं जायचं ते तरी ठाऊक हवं.

तुमच्याकडे मागणं त्याहून कमी आहे. सकाळच्या कागदावर तीन ओळी वाढवा : कुठलं औषध दिलं, किती दिवसांसाठी, आणि 'हा कागद तुमच्या नेहमीच्या सेंटरवर आठ दिवसांच्या आत दाखवा'. सेंटर कशाचं ते लिहू नका. माणूस तो कागद चौघडी घालून डबीत ठेवतो आणि खिडकीवर काढून देतो, कारण तिथं लाज बाळगायचं कारण नसतं. माझ्या जागी आता जी मुलगी बसते, तिला मी सांगून ठेवलं आहे की असा कागद आला तर गोळ्या देण्याआधी डॉक्टरांना दाखव. ती दाखवते.

कळावे,
आपला नम्र,
एक सेवानिवृत्त औषधनिर्माता

प्रत माहितीसाठी व योग्य त्या कार्यवाहीसाठी :
१. प्रकल्प संचालक, महाराष्ट्र राज्य एड्स नियंत्रण संस्था, वडाळा, मुंबई
२. सर्व एआरटी सेंटरमधील वैद्यकीय अधिकारी आणि औषधनिर्माते
३. ज्यांच्या पिशवीत या दोन्ही गोळ्या आहेत त्या सर्वांना. तुमच्यासाठी एवढंच : कुठलीही गोळी स्वतःहून बंद करू नका, दोन्ही घेऊन सेंटरवर या. जवळचं सेंटर माहीत नसेल तर १०९७ वर फोन करा, पैसे पडत नाहीत.